साहेब, भाऊ, भाईजी आणि मावशी

संपादकांनी फोनवर विषय सांगितला : कामाच्या ठिकाणचं नेतृत्व आणि त्याच्या निरनिराळ्या तऱ्हा. त्यांच्या मनात बहुधा हिंजवडी नाहीतर वांद्रे-कुर्ला संकुल असावं. काचेच्या केबिनी, मनुष्यबळ विभागाच्या कार्यशाळा, भिंतीवर चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठ्या. मी म्हटलं, मी बुलढाण्याला जाते. "तिथे कुठली ऑफिसं?" असं त्यांनी विचारलं नाही, पण त्यांच्या 'बरं'मध्ये ते ऐकू आलं.

शंका रास्त होती. तेरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात खामगावचा हिंदुस्थान युनिलिव्हरचा कारखाना सोडला, तर मोठी कंपनी म्हणून नाव घ्यावं असं फार थोडं. बाकी सोयाबीन, कापूस, जिनिंग, बाजार समित्या, शाळा आणि सरकारी कचेऱ्या. पण माणसांकडून काम करून घेण्याच्या ज्या तऱ्हा व्यवस्थापनाच्या पुस्तकांत वेगवेगळ्या प्रकरणांत वाटून टाकलेल्या असतात, त्या इथे एसटीच्या एका दिवसाच्या टप्प्यात शेजारी शेजारी नांदतात. घाटाखाली शेगाव, जिथे हजारो माणसं पगाराशिवाय राबायला येतात आणि त्यासाठीही नंबर लावतात. घाटावर बुलढाणा, जिथल्या एका पतसंस्थेचं नाव राज्याबाहेरही माहीत आहे. त्याच गावात जिल्हाधिकारी कार्यालय. आणि चिखली-मेहकरकडच्या शिवारात ऑक्टोबर लागला की सोयाबीन सोंगायला निघालेल्या बायकांच्या टोळ्या.

दोन्ही हातांनी चप्पल घेणारा माणूस

शेगाव स्टेशनवर उतरलं की गजानन महाराज संस्थानची बस उभी असते. तिकीट कुणी विचारत नाही. मंदिरापाशी पांढरा सदरा, पायजमा, टोपी अशा वेषातली माणसं दिसू लागतात, ते सेवाधारी. चप्पल स्टँडवर साठीच्या एका गृहस्थांनी माझ्या चपला दोन्ही हातांनी घेतल्या, जोडी नीट जुळवून खणात ठेवली आणि बिल्ला हातात दिला. हात जोडल्यासारखी ती कृती होती, घाईची नव्हती. मागे रांग होती, तरी नव्हती. "माउली, डावीकडून," एवढंच बोलले. इथे येणारा प्रत्येक जण माउली. कलेक्टरही माउली आणि माझ्या पुढची, कडेवर पोर घेतलेली बाईही माउली.

महाप्रसादाच्या दालनात एका मुलाच्या हातून वरणाची वाटी कलंडली. आईने त्याच्या पाठीत धपाटा घालायला हात उचलला, तो खाली येईपर्यंत फडकं घेऊन कुणीतरी वाकलेलं होतं. वाढणारा होता तो. पुसायचं काम वेगळ्या माणसाचं असेल, पण त्याची वाट पाहिली गेली नाही. आपल्याकडच्या कुठल्याही कचेरीत सांडलेल्या चहाचं काय होतं, हे वाचकांनी आठवून पाहावं. आधी शिपायाला हाक, मग शिपाई कुठे गेला याची चर्चा.

हे जमतं कसं? भक्ती, हे उत्तर लगेच मिळतं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. भक्ती महाराष्ट्रातल्या सगळ्याच देवस्थानांत आहे. स्वच्छ स्वच्छतागृहं सगळीकडे नाहीत.

बारकाईने पाहिलं तर दिसतं, की काम फार लहान लहान तुकड्यांत तोडलेलं आहे. एक जण फक्त रांगेचं वळण सांभाळतो. दुसरा फक्त पाण्याचे पेले. पहिल्यांदा आलेल्या खेडुतालाही अर्ध्या तासात जमावं एवढंच काम. सेवाधारी गावागावांतून पाळीपाळीने येतात, ठरलेले दिवस सेवा करतात आणि आपापल्या शेताकडे, दुकानाकडे, शाळेकडे परत जातात. म्हणजे माणसं सतत बदलत असतात, काम बदलत नाही. बदलत्या माणसांकडून न बदलणारं काम करून घ्यायचं, तर सूचना थोड्या, कायमच्या आणि सगळ्यांना सारख्याच हव्यात. भक्तनिवासाची खोली आधीपासून आरक्षित करता येत नाही, आधी येईल त्याला आधी, हा नियम त्याच जातीचा. ओळखीचा उपयोग नाही म्हटल्यावर खिडकीवरच्या माणसाची निम्मी डोकेदुखी संपते.

आणि मग मूळ प्रश्न येतो. सेवाधाऱ्याचा पगार कापता येत नाही, कारण पगारच नाही. बढती नाही, वार्षिक गोपनीय अहवाल नाही, बदलीची धमकी नाही. अशा माणसावर सत्ता कशाची चालवणार? वरच्याच्या हाती दोनच गोष्टी उरतात. एक म्हणजे पुढची पाळी. दुसरी, त्याने स्वतः कसं वागायचं ते.

भाऊ

इथे शिवशंकरभाऊ पाटलांचं नाव घ्यावं लागतं. गजानन महाराजांच्या हयातीत, १९०८ मध्ये संस्थानची घडी बसली. महाराजांनी १९१० मध्ये समाधी घेतली. पुढे साठच्या दशकात शिवशंकरभाऊ विश्वस्त म्हणून आले आणि ४ ऑगस्ट २०२१ रोजी गेले तोवर संस्थानचा कारभार म्हणजे भाऊ असंच समीकरण राहिलं. १९६८ पासून पंढरपूरला पायी जाणारी पालखी, १९८३ मध्ये सुरू झालेलं अभियांत्रिकी महाविद्यालय, दवाखाने, हे सारं त्यांच्या काळात उभं राहिलं किंवा वाढलं.

त्यांच्याबद्दल जिल्ह्यात कुणालाही विचारा, पहिली गोष्ट एकच ऐकू येते : भाऊ संस्थानचं पाणीसुद्धा पीत नसत. लोक हे सद्गुण म्हणून सांगतात. मला त्यात कारभारी हुशारीही दिसते. ज्या आवारात हजारो माणसं फुकट राबतात, तिथे वरचा माणूस चहा जरी संस्थानचा प्याला, तरी हिशेब बिघडतो. माझा घाम देवाला जातोय की भाऊंना, असा प्रश्न एका जरी सेवाधाऱ्याच्या मनात आला, तर पगाराची भरपाई देऊन तो मिटवता येणार नाही. भाऊंनी तो प्रश्न उगवायलाच जागा ठेवली नाही. सत्कार टाळले, प्रसिद्धी टाळली. या माणसाचे फोटोही सहजी मिळत नसत, हे आजच्या फ्लेक्सच्या जमान्यात मुद्दाम नोंदवण्यासारखं.

रॉबर्ट ग्रीनलीफ नावाचा एक अमेरिकन गृहस्थ टेलिफोन कंपनीत जवळपास चाळीस वर्षं नोकरी करून बाहेर पडला आणि १९७० मध्ये त्याने एक निबंध लिहिला : नेता हा आधी सेवक असतो. तिथून 'सेवक नेतृत्व' हा शब्दप्रयोग व्यवस्थापनाच्या वर्गांत रुळला. शेगावला अभ्यासदौरे काढणारी महाविद्यालयं भाऊंना याच कप्प्यात बसवतात. माझी त्याला अर्धीच संमती आहे. सेवक म्हटलं की मऊ, सगळ्यांचं ऐकून घेणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. शेगाव मऊ नाही. तिथली शिस्त कडक आहे आणि सेवाधारी निर्णयात वाटेकरी नसतो, तो नेमून दिलेलं काम करतो. पालखीत सातशेच्या आसपास वारकरी कसे चालतात ते एकदा पाहावं : वेष एक, चाल एक, रांग मोडत नाही. हुकूम आहेच. फक्त हुकूम देणाऱ्याने स्वतःसाठी काहीही मागितलेलं नाही, म्हणून तो बोचत नाही.

मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमाचं उदाहरण याच्या जोडीला ठेवते. शुकदास महाराजांच्या विवेकानंद आश्रमात दर वर्षी विवेकानंद जयंतीला पुरी आणि वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद होतो. मोकळ्या शिवारात पंगती बसतात आणि वाढप ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून चालतं. ट्रॅक्टर आजूबाजूच्या गावांतले, पोरंही तिथलीच. ज्या पोराला घरी ताट उचलायला सांगितलं तर ऐकू येत नाही, तो इथे ट्रॉलीच्या कडेला लटकून तास न् तास पुऱ्या वाढतो. शुकदास महाराज २०१७ मध्ये गेले. पंगती बसतच आहेत.

साहेब खोलीबाहेर गेले की

नेतृत्वाच्या तऱ्हांचा पहिला गाजलेला प्रयोग शाळकरी पोरांवर झाला. कुर्ट लेविन हा ज्यू मानसशास्त्रज्ञ १९३३ मध्ये हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडला आणि अमेरिकेत आयोवा विद्यापीठात स्थिरावला. हुकूमशाही आणि लोकशाही हा त्याच्यासाठी पुस्तकी विषय नव्हता. लिपिट आणि व्हाइट या दोन सहकाऱ्यांसोबत त्याने दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे गट केले आणि त्यांना मुखवटे बनवण्यासारखी कामं दिली. एका प्रकारचा म्होरक्या प्रत्येक पाऊल हुकमाने टाकायला लावायचा, दुसरा मुलांशी बोलून ठरवायचा, तिसरा नुसताच बसून राहायचा. १९३९ मध्ये निष्कर्ष छापून आले. त्यातला सगळ्यांत मजेदार भाग म्हणजे म्होरक्या मुद्दाम खोलीबाहेर जायचा. हुकमाखालच्या पोरांचं काम तिथल्या तिथे ढेपाळायचं. बोलून ठरवणाऱ्या गटाचं जवळजवळ होतं तसंच चालू राहायचं.

शेगावात या प्रयोगाची विचित्र आवृत्ती घडली. भाऊ गेले तेव्हा करोनामुळे राज्यातली मंदिरं भाविकांसाठी बंदच होती. ती उघडली ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेला. म्हणजे म्होरक्या बाहेर गेला तेव्हा खोलीलाच कुलूप होतं. कुलूप उघडलं तेव्हा रांगा पूर्वीच्याच वळणाने लागल्या. लेविनच्या हिशेबाने हे व्हायला नको होतं, कारण ही पद्धत बोलून ठरवण्याची नव्हे. मला वाटतं, लेविनने मोजलं नाही असं काहीतरी इथे आहे. पोरांना मुखवटे कुणाचे, हा प्रश्न नव्हता. सेवाधाऱ्याला काम कुणाचं हे पक्कं माहीत असतं, आणि ते भाऊंचं कधीच नव्हतं.

सोन्याचं आणि सोयाबीनचं तारण

शेगावहून खामगाव आणि तिथून बोथ्याच्या घाटाने बुलढाणा. मधे ज्ञानगंगा अभयारण्य लागतं. 

घाट चढून वर आलं की हवा बदलते आणि विषयही. १९८६ मध्ये राधेश्याम चांडक यांनी ७२ सभासद आणि १२ हजार रुपयांच्या भांडवलावर बुलढाणा अर्बन ही पतसंस्था सुरू केली. आज तिच्या शेकडो शाखा आहेत, त्याही एकाहून अधिक राज्यांत. चांडकांना सगळे भाईजी म्हणतात. मोठा उद्योग नसलेल्या जिल्ह्याच्या गावात एवढी संस्था उभी राहण्यामागे गोदाम तारणाचा मोठा हात आहे. सोंगणी झाली की सगळ्यांचं सोयाबीन एकदम बाजारात येतं आणि भाव पडतो. त्याच वेळी दिवाळी, रब्बीचं बियाणं, दुकानदाराची उधारी. अशा वेळी माल गोदामात ठेवायचा, पावती घ्यायची, तिच्यावर कर्ज उचलायचं आणि भाव सुधारला की विकायचं. शेतकऱ्याला हवी असते मुदत, ती त्याला विकत मिळते.

आता या धंद्याचं नेतृत्व कसं असावं लागेल पाहा. समोर सोयाबीनचं पोतं आहे किंवा तारणाला आणलेल्या सोन्याच्या पाटल्या आहेत. त्यांची किंमत काउंटरवरच्या माणसाला तिथल्या तिथे ठरवायची असते. प्रत्येक पाटलीसाठी मुख्यालयाला फोन लावला तर धंदा शेजारच्या सावकाराकडे जातो. म्हणजे खालच्याला मोकळीक द्यावीच लागते. पण ही मोकळीक पैशाची आहे, म्हणून पाठोपाठ तपासणीही हवी. शेगावात पुढची पाळी हे चलन, तर इथे पगार, बढती, मोठी शाखा हे चलन. पुस्तकात याला देवाणघेवाणीचं नेतृत्व म्हणतात आणि ते जरा हलक्या प्रतीचं मानलं जातं. मला ते तसं वाटत नाही. ज्याच्या घरची चूल याच पगारावर पेटते, त्याला हिशेब स्वच्छ मांडून दाखवणं हाही सन्मानच आहे.

पतसंस्थेची अडचण वेगळीच असते. ठेवीदार ताळेबंद वाचत नाही, तो माणूस वाचतो. भाईजी आहेत ना, मग झालं. संस्था वाढवणारा हा विश्वास तिचा धोकाही असतो. शेजारच्या जळगावातली भाईचंद हिराचंद रायसोनी पतसंस्था बुडाली, अलीकडे बीडच्या ज्ञानराधाच्या ठेवीदारांवर रस्त्यावर यायची पाळी आली. दोन्हीकडे लोकांनी आधी माणसावरच विश्वास टाकला होता. त्यामुळे कुठल्याही पतसंस्थेच्या नेत्याचं खरं कौशल्य मला एकाच ठिकाणी शोधावंसं वाटतं : त्याच्या माघारी त्याच्या सहीला 'नाही' म्हणणारा अधिकारी संस्थेत आहे का? ठेवीदारांनीही वार्षिक सभेत जेवणाआधी एवढं विचारायला हरकत नाही.

डिझेल सरकारचं, गाळ शेतकऱ्याचा

आता जिल्हाधिकारी कार्यालय. साहेबांची गोष्ट सगळ्यांत अवघड. बदल्यांच्या २००५ च्या कायद्याने अधिकाऱ्याचा साधारण तीन वर्षांचा कार्यकाळ धरला आहे. प्रत्यक्षात तितकाही मिळेल याची खात्री नसते. पहिलं वर्ष जिल्हा समजण्यात, शेवटचं पुढची बदली कुठे होणार या चर्चेत. हाताखालचा कारकून मात्र वर्षानुवर्षं जिल्ह्यातच. त्याला ठाऊक असतं, हेही साहेब जातील.

तरीही २०१८ मध्ये बुलढाण्यात एक काम झालं. भारतीय जैन संघटनेने जेसीबी आणि पोकलेन यंत्रं दिली, डिझेलचा खर्च सरकारने उचलला, तलावातला गाळ शेतकऱ्यांनी स्वखर्चाने आपल्या शेतात नेला. 'सुजलाम् सुफलाम्' हे त्या मोहिमेचं नाव. त्याच सुमारास राष्ट्रीय महामार्गांच्या कामांना मुरूम-माती हवी होती. ती डोंगर फोडून आणण्याऐवजी तलाव, नाले खोल करून घेतली गेली. रस्त्याला भराव मिळाला, गावाला पाण्याची जागा. 'बुलढाणा पॅटर्न' म्हणून पुढे याचा बोलबाला झाला.

या कामात एकही पक्ष दुसऱ्याचा नोकर नव्हता. स्वयंसेवी संस्थेला जिल्हाधिकारी हुकूम देऊ शकत नाही, महामार्गाच्या ठेकेदाराला शेतकरी देऊ शकत नाही. ठेकेदाराला स्वस्त माती हवी, शेतकऱ्याला काळा गाळ हवा, संस्थेला यंत्रं रिकामी उभी राहायला नको. साहेबांच्या हाती होती ती परवानगी, बैठक आणि तारीख. कुठल्या तलावावर कुठलं यंत्र कधी जाईल, डिझेलचं बिल किती दिवसांत निघेल, एवढ्यावर सगळं अवलंबून. असलं नेतृत्व फोटोत येत नाही. त्यात वक्तृत्व नाही, आहे ती फायलीला दिलेली गती. सरकारी खात्यात चांगल्या साहेबाची खूण विचारली तर मी म्हणेन, खालच्याला उत्तर 'हो' की 'नाही' ते त्याच आठवड्यात कळतं.

मावशीची पात

चिखलीच्या पुढे रस्त्याकडेला एका धुऱ्यावर मी थांबले. दहा-बारा बायका ओळीने सोयाबीन सोंगत होत्या. हा सौदा उक्ता असतो, एकराचा भाव ठरवून. जितक्या लवकर उरकेल तितका रोज चांगला पडतो. भाव ठरवते टोळीची म्होरकी. शेतमालकाशी ती बोलते, ऑटोवाल्याला ती सांगते, कुणाचं पोर आजारी आहे म्हणून आज कोण येणार नाही हे तिला आदल्या रात्रीच ठाऊक असतं. बाकीच्या तिला मावशी म्हणत होत्या. दोघी-तिघी तिच्याहून वयाने मोठ्या होत्या, त्याही.

मावशी धुऱ्यावर उभी नव्हती. तिची स्वतःची पात, म्हणजे कापायची ओळ, होती आणि ती सगळ्यांच्या चार हात पुढे होती. मागे पडलेल्या एका पोरीला तिने मान न वळवता विचारलं, "काहून थांबली वं?" पोरीने हात दाखवला, शेंगेचं टोक तळव्यात घुसलं होतं. मावशीने आपल्या कमरेची चिंधी सोडून मागे फेकली आणि पुढची चार झाडं पोरीच्या पातीतली कापली. एवढ्यात झालं सगळं. मग पुन्हा आपली पात.

तिच्या हाती काय आहे? उद्याच्या ऑटोतली जागा. बस्स. ती जागा ती देऊ शकते आणि काढून घेऊ शकते. पण तिने अन्याय केला तर त्या बायका परवा दुसऱ्या टोळीत जातील, हंगामात मजुरांची ओढाताण असते. म्हणून भावाचे पैसे मालकाकडून आले की ती सगळ्यांसमोर मोजते. तिचा वाटा बाकीच्यांइतकाच. पुढे राहून कापलेल्या चार झाडांचे वेगळे पैसे नाहीत.

सेवा कुणी कुणाला सांगावी

शेगाव पाहून भारावलेल्या साहेबांचा एक प्रकार असतो. ते परत गेल्यावर आपल्या कर्मचाऱ्यांना सेवाभाव शिकवू लागतात. अशा एका खात्यात माझी एक मैत्रीण काम करते. तिथे सेवाधाऱ्यांवर भाषण झालं आणि पुढच्या महिन्यापासून रविवारही कामाचा झाला.

इथे मला भांडायचं आहे. सेवाधारी काही दिवस राबून घरी जातो आणि घरी त्याचं शेत किंवा पेन्शन असतं. अंगणवाडीतल्या बाईला हे राबणं रोजचं आहे, आणि तिच्या घरची भाकरी त्यातूनच निघते. डिसेंबर २०२३ पासून राज्यातल्या अंगणवाडी कर्मचाऱ्यांनी पन्नासहून अधिक दिवस संप केला, तो याच हिशेबासाठी. शेगावची पद्धत पगारी माणसांवर लादायची तर तिचा पहिला नियमही घ्यावा लागेल, वरच्याने पाणीही न पिण्याचा. तो घ्यायला मी अजून कुणी साहेब तयार झालेला पाहिला नाही. गाडी संस्थेची, चहा संस्थेचा, मुलाच्या लग्नात वाढप्ये संस्थेचे, आणि सेवाभाव तेवढा शिपायाने दाखवायचा, हे चालणार नाही.

व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांच्या सहली शेगावला येत असतात. पोरं वह्या काढून उभी राहतात, रांगेचे फोटो घेतात, कचोरी खाऊन परततात. त्यांना आणि त्यांच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे : वही ठेवून द्या आणि सेवाधारी म्हणून नाव नोंदवा. प्रतीक्षा यादी मोठी आहे, नंबर लवकर लागणार नाही. तोवर ऑक्टोबरात चिखलीकडे जा आणि एखाद्या मावशीला विचारून एक पात घ्या. दुपारपर्यंत टिकलात तर मजुरी ती तुम्हालाही देईल, पूर्ण.